खोडलेलं वाचता यायला हवं

आमच्या ऑफिसातल्या एका मुलीचा निरोप समारंभ होता. मोठं कार्ड आणलं होतं. सगळ्यांनी त्यावर दोन-दोन ओळी लिहिल्या आणि शेवटी ते चाचांच्या टेबलावर गेलं. चाचांनी लिहिलं, ‘सुखी राहा.’ मग खिशातून सहा इंची पट्टी काढली, खाली उरलेल्या कोऱ्या जागेवर कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत तिरकी रेघ मारली, रेघेवर सही केली, तारीख घातली आणि वेळही घातली: १५.४०. त्या मुलीला हसावं की रडावं कळेना. चाचांनी तिला शांतपणे समजावलं, की सहीच्या खाली कोरी जागा सोडू नये, उद्या तिथे कुणी काहीही लिहील आणि ते आपल्या नावावर जाईल.

ते विनोद करत नव्हते. तीन वर्षं मी त्यांच्या शेजारच्या टेबलावर बसले. एवढ्या काळात मी त्यांना मुद्दाम विनोद करताना फारसं पाहिलं नाही. लोक हसायचे ते आपलं आपण.

पेणच्या बाहेर एका छोट्या औद्योगिक वसाहतीत आमचा गाळा आहे. तिथे तेव्हा एक मशीन तयार होत होतं. बाळ जन्मलं की कधी कधी त्याच्या नाकातोंडात पाणी आणि चिकट स्राव अडकतो, श्वास घेता येत नाही. ते ओढून काढणारं, पायाने दाबून चालवायचं मशीन. वीज गेली तरी चालणारं आणि नर्सला एका हाताने उचलता येईल इतकं हलकं. जुनी मशीन लोखंडी आणि जड असायची, बोटीतून किंवा रिक्षातून न्यायला दोन माणसं लागायची. आमच्या मालकांना, म्हणजे सगळे ज्यांना दादा म्हणतात त्या चाळिशीतल्या इंजिनीअरला, याच गोष्टीचा ध्यास होता.

पण असं उपकरण नुसतं चांगलं बनवून भागत नाही. ते तसं का बनवलं, कुणाच्या सांगण्यावरून, आधी कसं होतं, कुठल्या चाचणीत मोडलं, मोडल्यावर काय बदललं, हे सगळं त्या-त्या दिवशी लिहून ठेवावं लागतं. सरकारी तपासणीला येणारी माणसं मशीनच्या आधी ही फाइल मागतात. आमची फाइल चाचांच्या ताब्यात होती.

चाचा म्हसळ्याच्या बाजूचे. तीसेक वर्षं जहाजांवर, इंजिनरूममध्ये. जहाज सोडल्यावर ते न्हावा शेव्याला मालाचे कागद करणाऱ्या एका एजंटाकडे बसत. तिथे एकदा आमचे काही सुटे भाग अडकले होते. चाचांनी अर्ध्या दिवसात कागद सरळ केले आणि वर दादांना ऐकवलं, की माल तुम्ही चांगला बनवत असाल, पण तुम्हाला लिहिता येत न्हाय. दादांनी त्यांना तिथूनच उचललं. हा किस्सा दादा स्वतःच सांगायचे, पहिल्या वर्षी कौतुकाने आणि पुढे पुढे कपाळाला हात लावून.

उंच, खांद्यात जरा वाकलेले, पांढरा शर्ट, छातीच्या खिशात ती पट्टी. पहिल्या दिवशी मी त्यांना सर म्हटलं. ‘सर शाळेत. हितं चाचा,’ एवढंच म्हणाले. त्यांच्या टेबलाच्या खालच्या खणात व्हाइटनरच्या बाटल्या, खोडरबर आणि पेन्सिली कैदेत होत्या. कुणाच्याही टेबलावर दिसल्या की ते उचलून आणत आणि खणात टाकत. त्यांचा कायदा सोपा होता. चुकलं तर एकच रेघ मारायची. खोडलेलं वाचता यायला हवं. शेजारी बरोबर ते लिहायचं, सही करायची, तारीख घालायची, आणि का चुकलं तेही लिहायचं. कुणी चूक गिरगटून काळी केली की पानावर बोट ठेवून विचारायचे, ‘हितं काय गाडलंस?’

उरणचा एक इंजिनीअर आमच्याकडे होता. मशीनचं अंग, म्हणजे बाहेरची प्लास्टिकची पेटी आणि पाया, त्याच्याकडे होतं. हुशार आणि घाईचा. एकदा तो म्हणाला, की हा व्हॉल्व्ह बहुतेक टिकेल. चाचांनी चष्म्यावरून बघितलं. ‘हा बहुतेक कोण? त्याला बोलाव, त्याची सही घेऊ.’ पुढे महिनाभर सगळे एकमेकांना ‘बहुतेक’ अशी हाक मारत होते.

कॅन्टीनच्या मावशींनी फळ्यावर मिसळ लिहून ठेवली होती, पण ती करणं त्यांनी कधीच बंद केलं होतं. चाचांनी त्यांना फळ्यावरच्या मिसळीवर एक रेघ मारायला लावली. पुसू दिलं नाही. मावशी दोन दिवस त्यांच्याशी बोलल्या नाहीत, चहा मात्र वेळेवर दिला.

मी इंग्रजी माध्यमात शिकलेली. नोकरी मिळाली तीही इंग्रजीमुळेच, कारण फाइल इंग्रजीत असते. चारचौघांत बोलायची वेळ आली की माझी जीभ जड होते. लिहायला मात्र मला कधी भीती वाटली नाही. कागद उलट प्रश्न विचारत नाही, असं मी तेव्हा समजत होते.

पहिल्याच महिन्यात मला रोह्याकडच्या एका आरोग्य केंद्रात पाठवलं. तिथल्या नर्सने मशीन दाबून बघितलं आणि म्हणाली, ‘दाबलं का कोंडलेल्या बोकडासारखं वरडतंय. बाळंतीण दचकंल ना.’ मी परत येऊन चांगल्या इंग्रजीत लिहिलं, की आवाजाच्या पातळीबाबत वापरकर्त्यांमध्ये काही प्रमाणात असमाधान आढळले. चाचांनी ते पान खिडकीपाशी नेलं. कुठलंही पान ते खिडकीपाशी उभं राहून, उजेडात तिरकं धरून वाचायचे. मग मला बोलावलं आणि त्या वाक्याचं मराठी करून सांगायला लावलं. मी सांगितलं.

‘असं बोलली ती?’

मी नाही म्हटलं. तिचं बोलणं मी जरा नीट भाषेत घातलं, असंही पुटपुटले.

‘भाषा नीट हाय,’ चाचा म्हणाले. ‘बाई कुठं गेली?’

मला इतका राग आला की कानाच्या पाळ्या तापल्या. तरी बसून मी ते वाक्य जसंच्या तसं मराठीत लिहिलं, बोकडासकट. संध्याकाळी उरणच्या इंजिनीअरने ते वाचलं, पोट धरून हसला, आणि मग मशीनला कान लावून बसला. ‘अरे, हा तर खरंच बकरा आहे,’ म्हणाला. आवाज पाय दाबताना येत नव्हता, पाय उचलताना येत होता. आत हवा परतताना एक रबरी झडप फडफडत होती. दोन दिवसांत त्याने ती बदलली. ‘असमाधान’ वाचून त्याला हे कधी कळलं असतं, मला माहीत नाही. त्या दिवसापासून माझ्या वहीत माणसं जशी बोलतात तशी येऊ लागली.

चाचा सोपे होते असं मी म्हणणार नाही. एक तारीख चुकली म्हणून त्यांनी अख्खी चाचणी पुन्हा करायला लावली आहे. कुणाच्या घरी आजारपण असलं तरी पान त्याच दिवशी हवं. ‘कसे आहात’ असं विचारलं तर पहाटे किती वाजता उठलो, कुठला गुडघा दुखतोय आणि बाकी सुरळीत, असं सांगायचे. ऐकणाऱ्याने तोवर चार पावलं पुढे टाकलेली असायची. एकदा दादा वैतागून सगळ्यांसमोर म्हणाले, ‘चाचा, मुलं काय फाइलमध्ये जन्माला येतात?’  चाचा शुक्रवारच्या नमाजाला निघाले होते. जाताना टेबलावरची फाइल कपाटात ठेवली, कुलूप लावलं आणि चावी बरोबर घेऊन गेले.

मग माझी चूक झाली.

मशीनचा नमुना आम्ही दिघीच्या बाजूच्या एका आरोग्य केंद्रात ठेवला होता. मी पाच वेळा तिथे जायचं, सिस्टर ते कसं वापरते ते शेजारी उभं राहून बघायचं, आणि त्याच दिवशी एक पान लिहायचं. त्या पाच पानांवर पुढचं सगळं अवलंबून होतं. ती पूर्ण झाली की प्लास्टिकच्या पेटीचा साचा कापायला जाणार होता. साचा एकदा कापला की मशीनचं अंग ठरलं. नंतर बदल म्हणजे सगळं पहिल्यापासून.

पहिल्या वेळी लसीकरणाचा दिवस होता. सिस्टर तिथल्याच कोळीवाड्यातली, पन्नाशीची, भराभर चालणारी. तिने मुलांच्या रडारडीतून मला सांगितलं, ‘बरं हाय गो. हलकं हाय, उचलता येतंय.’ मी तेवढंच लिहिलं. दुसऱ्या वेळी आत एक बाई बाळंत होत होती. व्हरांड्यातल्या बाकावर तिच्या घरची माणसं बसली होती, त्यांच्या शेजारी मी. एका म्हातारीने मी कोण म्हणून विचारलं. मी म्हटलं, कंपनीतून आलेय. तिने पुन्हा विचारलं, कंपनी कसली, बाळाची? सगळे माझ्याकडे बघायला लागले. मला काही सांगता येईना. मी उठले आणि सरळ जेट्टीकडे चालू लागले. बोटीने पलीकडे आगरदांड्याला उतरेपर्यंत माझा चेहरा गरम होता. त्या पानावर मी एवढंच लिहिलं, की बाळंतपण चालू होतं, बघता आलं नाही.

तिसऱ्या वेळी मी गेलेच नाही. सिस्टरला मोबाइलवर विचारलं, मशीन ठीक आहे ना? तिने उत्तरात एक अंगठा पाठवला. त्या अंगठ्याच्या चित्रावर मी तीन पानं लिहिली. एका दुपारी, माझ्या टेबलावर, तीन वेगवेगळ्या तारखा घालून. वापरकर्ती समाधानी. हाताळणी सुलभ. कोणतीही अडचण आढळली नाही. मनाची समजूतही घातली, की सिस्टर बरं आहे म्हणालीच होती, मी तेच लांबवून लिहितेय.

पाच पानं मी चाचांकडे दिली तेव्हा बारा वाजले होते. ते खिडकीपाशी गेले. पहिलं पान वाचलं, दुसरं वाचलं. तिसरं, चौथं, पाचवं एकावर एक धरून उजेडात बघितलं.

‘अक्षर सुंदर हाय तुझं,’ म्हणाले. ‘तिन्ही दिवस सारखंच.’

आणि सही न करता पानं ट्रेमध्ये ठेवून दिली.

मी जागेवर येऊन बसले. एका बैठकीत लिहिलेलं अक्षर कसं दिसतं आणि तीन वेगळ्या दिवसांत, कुठे गुडघ्यावर, कुठे बाकावर लिहिलेलं कसं दिसतं, हे मला त्या क्षणी कळलं. वाटलं, आता ओरडतील. ते खाली मान घालून काहीतरी लिहीत होते.

दुपारच्या जेवणाला आम्ही सगळे एका लांब टेबलावर बसायचो. चाचा माशाचा काटा काढत होते. काढता काढता त्यांनी जहाजावरची एक गोष्ट सांगितली. एरवी ते जहाजाचं काही सांगत नसत. इंजिनरूममध्ये दर तासाला तापमान आणि दाब वहीत लिहायचा असतो. त्यांचा एक जोडीदार होता. आकडे रोज तेच येतात हे त्याला पाठ झालं होतं. तो पाळीच्या सुरुवातीलाच चारही तासांचे आकडे भरून टाकायचा आणि निवांत बसायचा. एकदा सहा वाजून वीस मिनिटांनी वाफेची नळी फुटली. तो समोरच होता. पुढच्या बंदरात वही तपासायला घेतली तर सात वाजता, त्याच्याच हाताने, सगळं ठीक. आठ वाजता, सगळं ठीक.

‘मेल्यावर दोनदा सही केली त्यानं,’ चाचा म्हणाले, आणि भाकरीचा तुकडा मोडला.

 माझ्याकडे त्यांनी एकदाही बघितलं नाही.

दुसऱ्या दिवशी चाचा आलेच नाहीत. रजेवर आहेत, असं दादांनी सांगितलं. त्यांचा अर्ज आदल्या दिवशीच्या कागदांच्या ढिगाऱ्यात होता, दादांनी इतर दहा कागदांबरोबर त्यावर सही केली होती. साच्याच्या नकाशाबरोबर ‘फाइल तपासली’ अशी चाचांची सही लागत होती. साचेवाला वाट बघत होता. दादांनी फोन केले, चाचा उचलेनात. उरणच्या इंजिनीअरने तर जाहीर केलं, की चाचांचा फोन बोटीतून पडला, मासे हॅलो करतायत. तीन दिवस असे गेले.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी दादा माझ्या टेबलापाशी आले. चाचा नसले तर शेजारच्या टेबलावरच्या माणसाने फाइल तपासून सही करायची, असा नियम फाइलमध्येच होता. चाचांनीच कधीतरी घातलेला. दादा म्हणाले, ‘तूच कर सही. उद्या दुपारी साचेवाल्याचा माणूस येतोय.’

म्हणजे माझी पानं मीच तपासायची होती.

मी हो म्हटलं. मला नाही म्हणता येत नाही. घरी गेले, जेवले. आईने काय झालं विचारलं, तिलाही काही नाही म्हटलं. सकाळी पहिल्या एसटीने निघाले. ऑफिसला कळवलं नाही.

दिघीचं केंद्र नुकतंच उघडलं होतं. सिस्टर लेबररूमच्या दारात उभी राहून आयाकडून फरशी पुसून घेत होती. फिनेलचा वास होता. मी तिला सगळं एका दमात सांगितलं, थांबले असते तर सांगता आलं नसतं: मी तीन वेळा आले नाही, तरी आले असं लिहिलं, आणि आज दुपारी त्यावर साचा कापायला जातोय. मला वाटलं ती चिडेल.

‘मग आता ये आत,’ ती म्हणाली. ‘चप्पल काढ.’

तिने एका वाडग्यात साबणाचं पाणी घेतलं, नळी त्यात सोडली आणि उजवा पाय मशीनवर ठेवला. एकदा दाबलं, दोनदा दाबलं. तिसऱ्यांदा दाबताना मशीन ओल्या फरशीवर वीतभर पुढे सरकलं. सिस्टरने खाली बघितलंही नाही. डावा पाय उचलून मशीनच्या पुढे टेकवला, ते अडवलं आणि दाबत राहिली.

आमच्या गाळ्यात मशीन रबरी चटईवर ठेवलेलं असतं. तिथे ते कधी सरकलं नाही.

मी विचारलं, हे असं रोज होतं का. ‘असं म्हणजे?’ ती म्हणाली. मी तिच्या डाव्या पायाकडे बोट दाखवलं. तिने पायाकडे असं बघितलं जणू तो आत्ताच तिथे आला होता.

‘सरकतंय ना, म्हणून. भिंत जवळ असली का भिंतीला लावते.’

मग आधी सांगितलं का नाही, असं मी विचारलं.

‘तू इचारलंस का गो? तू इचारलंस बरं हाय का. बरं हायच. जुनं मेलं हलत न्हवतं जागचं, पन उचलतही न्हवतं.’

बाळाचं टेबल खोलीच्या मध्यभागी होतं. तिथे भिंत नव्हती. मी विचारलं, तिथे काय करता. ती म्हणाली, आयाला सांगते पायाने धरून ठेव. आणि आया नसली तर?

सिस्टरने नळी गुंडाळली. ‘मग काय. एक पाय मशीनवर, एक त्याच्या म्होरं, आणि बाळ हातात.’ वर म्हणाली, ‘पडले न्हाय अजून.’

पायरीवर बसून मी ते तिच्याच शब्दांत लिहिलं. खाली तिची सही घेतली. मग जुन्या तीन पानांवर रेघा मारल्या आणि त्यांच्यासाठी एक वेगळं पान लिहिलं. त्यावर आजची तारीख घातली. ही तीन पानं मी न बघता, एका दुपारी, टेबलावर बसून लिहिली आहेत. पुढे कारण लिहावं लागतं. इंग्रजीत मला त्यासाठी एखादा चांगला शब्द नक्की सापडला असता, म्हणून मी ते मराठीत लिहिलं: मला लाज वाटली.

गाळ्यात पोचले तेव्हा साचेवाल्याचा माणूस बाहेर चहा पीत होता. मी दादांच्या केबिनमध्ये जाऊन पानं त्यांच्यासमोर ठेवली. बसले नाही.

दादांनी वाचलं. ‘तीन पानं खोटी?’

‘हो.’

‘मग बाकीच्या फाइलवर मी विश्वास का ठेवू?’

याचं उत्तर मी बनवून दिलं नाही. दादा पुन्हा वाचू लागले. सिस्टरच्या शेवटच्या वाक्याशी थांबले, मागे गेले, पुन्हा तिथवर आले. मग उठून बाहेर गेले आणि साचेवाल्याच्या माणसाला परत पाठवून आले. मला म्हणाले, चाचा येईपर्यंत फाइलला हात लावायचा नाही. नंतर त्यांनी चाचांना फोन केला. या वेळी तो पहिल्याच घंटीला उचलला गेला. भिंतीपलीकडून मला दादांचा चढलेला आवाज ऐकू येत होता: तुमच्या शेजारणीने साचा थांबवलाय, या आता.

चाचा दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीने आले, जेवणाचा डबा घेऊन, जसे काही मधले दिवस नव्हतेच. खिडकीपाशी उभं राहून त्यांनी सगळं वाचलं. एका पानावर मी रागाने दोन रेघा मारल्या होत्या, त्यावरून मला बोलले. मग खाली सही केली आणि सहीच्या वर स्वतःची एक ओळ घातली: पहिल्या दिवशी पानं बघताना शंका आली होती, विचारलं नाही. फाइल त्यांनी माझ्याकडे सरकवली. पुढचं पान मीच लिहायचं होतं.

दुपारी मी धीर करून विचारलं, ‘चाचा, मी त्या दिवशी सही केली असती तर?’

‘तर आधी साचेवाल्याला फोन करून थांबवला असता,’ ते म्हणाले. ‘मग लिहिलं असतं, का मला माणूस वळखता येत न्हाय. सही करून.’

पुढे पाया बदलायला कित्येक महिने गेले. रबराचे पाय लावून बघितले, फिनेलमध्ये ते महिनाभरात कडक झाले. उरणच्या इंजिनीअरने मला आणि त्या फरशीला मनसोक्त शिव्या घातल्या. शेवटी त्यानेच पाया मागे लांबवला, इतका की दाबणारीची टाच त्यावरच टेकते आणि तिचंच वजन मशीनला धरून ठेवतं. साधी गोष्ट होती. दादा एकदा म्हणाले, की या महिन्यांत कुठल्यातरी गावात कुठल्यातरी सिस्टरकडे काहीच मशीन नव्हतं, त्याचं पान फाइलमध्ये नाही. मला वाटलं चाचा गप्प बसतील. पण ते मला म्हणाले, ‘ते पन लिही. ते खरं हाय.’ दादांचं ते वाक्य त्यांच्या नावानिशी, तारखेनिशी फाइलमध्ये आहे. 

नवा नमुना घेऊन मी दिघीला पाच वेळा गेले, आणि सिस्टरने हाकललं नाही म्हणून सहाव्यांदाही गेले. बाकावरच्या बायकांनी विचारलं तर आता मी सांगते, कसलं मशीन ते. पुष्कळदा अडखळते.

मशीन मंजूर झाल्यावर वर्षभराने चाचा म्हसळ्याला परत गेले. गुडघ्याने एसटीची पायरी चढवेना. त्यांचं टेबल आता माझ्याकडे आहे. परवा आमच्याकडे कुणीतरी जुन्या हजेरीची माहिती मागितली, म्हणून मी रजेच्या अर्जांचा गठ्ठा सोडला. आमच्याकडे त्याचा छापील कागद असतो, त्यातले रकाने लोक भरतात: ताप, लग्न, घरगुती काम. त्यात चाचांचा त्या दिवसांचा रजेचा अर्ज होता.

रजेचं कारण: एका पानाची वाट बघतो आहे.

किती दिवस: पान येईपर्यंत.

सही, तारीख, आणि वेळ: १२.१०. म्हणजे माझी पाच पानं त्यांच्या हातात देऊन दहाच मिनिटं झाली होती, आणि जहाजावरची ती गोष्ट त्यांनी अजून सांगितलीही नव्हती. त्याखाली दादांचं घाईतलं अक्षर होतं. न वाचता लिहिलेलं: मंजूर.